रौज्याच्या तळ्याकाठी

औरंगाबादेत ज्याचे घर आहे, त्याच्या नशिबी वेरूळ किती वेळा लिहिलेले असते याची मोजदाद कोणी करू नये. दिवाळीच्या सुट्टीत पुण्या-मुंबईचे आप्त येतात, उन्हाळ्यात नागपूरकडचे येतात, आणि प्रत्येकाला घेऊन यजमानाने तीच प्रदक्षिणा घालायची. पहिल्या दिवशी मकबरा आणि पाणचक्की. दुसऱ्या दिवशी डब्यात दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी घालून दौलताबाद, वेरूळ आणि घृष्णेश्वर. परत येताना ऊन कलते, मुले पेंगुळतात, पाहुण्यांचे पाय दुखू लागतात, आणि मग 'वाटेवरच आहे, उरकून घेऊ' म्हणून खुलताबाद. औरंगजेबाच्या कबरीपाशी चपला काढायच्या, भद्रा मारुतीला नारळ फोडायचा, एक-एक कप चहा घ्यायचा आणि घाट उतरायचा. एकंदर अर्धा तास. माझे सारे लहानपण त्या शहरात गेले; पाहुण्यांबरोबर असे खुलताबाद मी वीस-पंचवीस वेळा तरी उरकले असेन. तिथे एक तळे आहे, हे एकाही पाहुण्याला कोणी सांगितल्याचे मला आठवत नाही.

शहराचे नाव आता छत्रपती संभाजीनगर आहे. २०२३ साली ते बदलले. चारशे वर्षांतले हे त्याचे चौथे नाव. मलिक अंबरने १६१० साली वसवली तेव्हा ती खडकी होती, त्याचा मुलगा फतेहखान याने तिचे फतेहनगर केले, औरंगजेब सुभेदार म्हणून आला आणि औरंगाबाद झाले. आमचे नाना बसमध्ये चढले की अजून 'एक औरंगाबाद' असेच म्हणतात. कंडक्टर काही न बोलता तिकीट फाडून देतो. खुलताबादलाही नाना खुलताबाद म्हणत नाहीत, रौजाच म्हणतात. त्या पिढीतल्या सगळ्यांचे ते रौजाच. रौजा म्हणजे बाग, आणि थडग्यालाही तोच शब्द.

दौलताबाद मागे टाकले, किल्ल्याच्या तटातल्या त्या अरुंद दरवाजातून (तिथे मोटारी अडकल्याशिवाय प्रवास पुरा होत नाही) पलीकडे गेले आणि हाताने कागद करणाऱ्यांचा कागजीपुरा ओलांडला, की रस्ता घाटात शिरतो. घाटमाथ्यावर हे गाव आहे, समुद्रसपाटीपासून अडीच हजार फुटांहून उंच. ज्या डोंगराच्या कडेत वेरूळची लेणी कोरली, त्याच डोंगराच्या माथ्यावर हे वसले आहे. दोहोंमध्ये चार-पाच किलोमीटरचे अंतर. पश्चिमेला शुलीभंजनाचा डोंगर. पैठणचे एकनाथ लहान वयात गुरूच्या शोधात देवगिरीला आले. त्यांचे गुरू जनार्दनस्वामी त्या किल्ल्याचे किल्लेदार होते. त्यांच्या आज्ञेने नाथांनी तप केले ते या शुलीभंजनावर, अशी श्रद्धा आहे. आणि त्या डोंगराच्या पायाशी, गावाच्या मावळतीला, दगडी पायऱ्यांचे ते तळे. त्याचे नाव परियोंका तालाब. रात्री पऱ्या स्नानाला येतात म्हणून ते नाव पडले, असे लहानपणी ऐकले होते, आणि म्हणूनच अंधार पडल्यावर तिकडे जाऊ देत नसत.

या गावाची एक गंमत आहे. इथे जी नावाजलेली माणसे आहेत ती सगळी बाहेरून आलेली, आणि सगळी जमिनीखाली आहेत. महंमद तुघलकाने १३२७ साली दिल्लीकरांना देवगिरीला आणून बसवले, त्या लोंढ्यात सूफी साधू आले. त्यांतले बुऱ्हाणुद्दीन आणि त्यांच्यामागून झैनुद्दीन यांचे दर्गे इथे झाले, आणि मग थोरामोठ्यांना त्यांच्या पायाशी जागा मिळावीशी वाटू लागली. १७०७ साली औरंगजेब अहमदनगरला वारला, तर त्याचे प्रेत डोंगर चढवून इथवर आणले. संभाजीराजांना हालहाल करून मारणारा आणि पंचवीस वर्षे दक्खन तुडवणारा हा बादशहा. आणि त्याची कबर म्हणजे उघड्या आभाळाखालचा एक मातीचा उंचवटा. टोप्या शिवून मिळवलेल्या चौदा रुपये बारा आण्यांत ती करावी, अशी त्याचीच इच्छा होती म्हणतात. भोवतालची संगमरवरी जाळी पुष्कळ नंतरची, लॉर्ड कर्झनच्या काळातली. २०२५ सालच्या मार्चात या कबरीवरून राज्यभर वाद पेटला होता. आम्ही गेलो तेव्हा दाराशी पोलिस बसले होते, आणि आम्ही आत गेलोच नाही. नाना म्हणाले, "त्याला भेटणारे पुष्कळ आहेत. आपण आपल्या माणसांकडे जाऊ."

नानांची माणसे म्हणजे कोण, ते सांगितले पाहिजे. नाना १९६२ साली रौज्याच्या शाळेत शिक्षक म्हणून आले, तेव्हा चोवीस वर्षांचे होते. जिल्हा परिषदा त्याच वर्षी निघाल्या होत्या. बारा वर्षे ते तिथे राहिले, नगारखाना दरवाजाजवळ एका वाड्यातल्या दोन खोल्यांत. निजामाच्या अमदानीत त्यांनी अलिफ-बे गिरवलेली, त्यामुळे दर्ग्यांवरच्या ओळी त्यांना अडखळत का होईना वाचता येत. बाहेरगावाहून कोणी अभ्यासू माणूस आला, की मामलेदार कचेरीतून नानांना बोलावणे जाई. आई १९६४ साली लग्न होऊन आली ती याच गावात. पुढे औरंगाबादेला बदली झाली, तिथे घर बांधले, आम्ही भावंडे शिकलो आणि पांगलो. भाऊ परदेशी गेला, मी पुण्याला. आई जाऊन तीन वर्षे झाली. नाना आता सत्याऐंशीचे आहेत, आणि त्या घरात एकटे असतात.

गेल्या श्रावणात ते न्हाणीघरात पडले. सकाळी सातला पडले आणि अकराला दूधवाला बिलाचे विचारायला आला तेव्हा त्याला हाक ऐकू गेली. चार तास. हाड मोडले नाही, एवढे नशीब. त्या रात्री भावाचा आणि माझा फोनवर निर्णय झाला : घर विकायचे आणि नानांना पुण्याला आणायचे. दिवाळी त्यांच्याबरोबर केली, आणि दिवाळी होऊन आठ दिवसांनी सोमवारी दलाल घर पाहायला यायचा ठरला. माझे परतीचे तिकीट मंगळवारचे. नानांनी या सगळ्याला नाही म्हटले नाही. शनिवारी सकाळी चहा पिता पिता एवढेच म्हणाले, "पुण्याला जायच्या आधी एकदा रौजा पाहून येऊ. तुझी आई तिथं सोडून कुठं रमली नाही."

आणि म्हणून आम्ही गाडी करून निघालो. त्या दिवशी पाहुणा कोणी नव्हता, त्यामुळे काही उरकायचे नव्हते.

पहिल्यांदा नानांनी गाडी नेली ती मलिक अंबरकडे, गावाबाहेर वायव्येला. मोठी, काळसर, घुमटाची इमारत. माणूस जवळपास दिसत नव्हता. दाराशी हात टेकून नाना उभे राहिले आणि वर्गात सांगावे तसे सांगू लागले. हबशी आई-बापांचे हे पोर गुलाम म्हणून विकले गेले, बाजार-बाजार फिरत दक्खनला आले, आणि पुढे निजामशाहीचा वजीर झाले. जहांगीर बादशहाच्या फौजांना त्याने वर्षानुवर्षे दमवले. जमिनीची पाहणी करून सारा ठरवण्याची त्याने घातलेली पद्धत त्याच्या मागेही चालत राहिली. औरंगाबादला डोंगरातले पाणी खापरी नळांतून आणणारी नहर त्याचीच. मालोजीराजे भोसले त्याच निजामशाहीचे सरदार, आणि त्यांचे वेरूळ इथून दगडाच्या टप्प्यात. मलिक अंबरने ही इमारत स्वतःच्या हयातीत बांधून घेतली आणि १६२६ साली, ऐंशीच्या घरात असताना, इथे येऊन निजला. शेजारच्या लहान घुमटात त्याची बायको आहे, बीबी करीमा.

"जवळच आहे बघ," नाना म्हणाले. ते बायकोबद्दल म्हणत होते.

तिथून कवींकडे. हे दोघे कवी नानांच्या खास मर्जीतले. एक अमीर हसन, दिल्लीच्या निजामुद्दीन अवलियांचा शिष्य. गुरूची संभाषणे लिहून ठेवून त्याने ग्रंथ केला, आणि मग तुघलकाच्या त्या स्थलांतरात तोही इकडे आला. दुसरा त्याच्यानंतर साडेचारशे वर्षांनी झालेला आझाद बिलग्रामी. जन्म अवधमधला, हयात औरंगाबादेत गेली. आझादाने हसनच्या शेजारी आपली जागा जिवंतपणीच ठरवून ठेवली आणि १७८६ साली तो तिथे गेला. गावात जुना समज असा, की कवीच्या कबरीवर साखर ठेवावी आणि मुलाने ती हात न लावता ओठांनी उचलावी, म्हणजे विद्या येते. "वार्षिक परीक्षेच्या आठवड्यात निम्मा वर्ग ओठाला साखर लावून यायचा," नाना म्हणाले. "हिंदू काय, मुसलमान काय. मारुतीलाही जायचे आणि इथंही. मी म्हणायचो, अरे, पाढे पाठ केलेत तर दोघांनाही त्रास पडणार नाही!" मी विचारले, "दादाला नेलं होतं का हो?" नाना जरा हसले. "तुझ्या आईनं नेलं होतं. मला न सांगता. साखर मात्र घरची नेली, आणि उरलेली परत आणली."

भद्रा मारुतीला दर्शन घेतले. मारुती इथे निजलेला आहे. असा मारुती फार थोड्या ठिकाणी पाहायला मिळतो. हनुमान जयंतीच्या आदल्या रात्री शहरातून माणसे घाट चढून चालत येतात. आम्हीही एकदा लहानपणी चाललो होतो, दौलताबादेपर्यंत. पुढे नानांच्या खांद्यावर. हे त्यांना आठवत असणार, पण त्यांनी काढले नाही आणि मीही काढले नाही. देवळाच्या पायऱ्या उतरताना त्यांनी माझ्या दंडाला धरले होते, आणि त्या बोटांना जोर किती लागतो आहे तेवढेच मी पाहत होते.

दुपारी चारच्या सुमाराला तळ्याशी आलो. पाऊस यंदा मनासारखा झाला होता, तळे काठोकाठ होते. पलीकडे शुलीभंजन, अजून हिरवे, वरच्या दत्ताच्या देवळापर्यंत. कुठल्याशा पाखरांचा थवा पाण्यात उतरत होता. काठच्या काही पायऱ्या ढळल्या आहेत, दगडांच्या फटीत रान माजले आहे, प्लास्टिकच्या पिशव्याही आहेत. सुंदर जागा म्हणून कोणी चित्रे छापावीत असे ते नाही. पण डोंगराच्या माथ्यावर, चहूकडे काळा कातळ आणि कबरी, आणि मध्येच हे एवढे पाणी. बघता बघता माणूस आपोआप हळू बोलू लागतो. नानांना खाली उतरता येणार नव्हते. वरच्या पायरीवर मी पंचा पसरला, आणि ते त्यावर पाय सोडून बसले.

"बहात्तरच्या दुष्काळात," नाना म्हणाले, "रोज एक पायरी मोकळी व्हायची. मी शाळा सुटल्यावर इथं यायचो नि मोजायचो. तुझी आई म्हणायची, मोजू नका, मोजल्यानं कमी होतं." तेव्हा माणसे रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जात, सुकडी वाटत. नानांच्या वर्गातली मोठी मुलेही खडीवर जायची, आणि हजेरीपटावर नाना त्यांना हजर मांडत. हे मला पहिल्यांदाच कळले.

आई पैठणची. गोदेच्या काठी वाढलेली मुलगी, तिला डोंगरावर दिली. आल्यावर पहिले दोन महिने ती रोज रडली, असे तिनेच आम्हांला सांगितले होते. मग कोणी शेजारणीने तिला तळ्यावर आणले. त्यानंतर ती संध्याकाळी भांडी घासायला म्हणून यायची आणि भांडी घासून झाल्यावरही बसायची. "इथं बसलं की माहेर फार लांब वाटत नाही," म्हणायची.

मला संधी दिसली. मी म्हटले, "बघा नाना, आई पैठण सोडून आलीच ना? रमली ना? माणूस रमतं हो."

"ती अठरा वर्षांची होती," नाना म्हणाले. "मी सत्याऐंशीचा आहे."

यावर काय बोलणार? मी आपले हिशेब मांडू लागले. पुण्याला दवाखाना घराशेजारी आहे, लिफ्ट आहे, खाली बाग आहे, तुमच्या वयाचे दहाजण रोज बाकावर बसतात. नाना सगळे नीट ऐकून घेत होते. चाळीस वर्षे मुलांची उत्तरे ऐकलेला माणूस. मग पाण्याकडे पाहतच म्हणाले, "आज आपण कुणाकुणाकडे गेलो? अंबर हबशी मुलखातला. हसन दिल्लीचा. आझाद अवधचा. सगळे परके. पण इथं राहायचं हे त्यांनी आपलं आपण ठरवलं. उचलून आणून ठेवलेला एकच आहे या गावात."

"औरंगजेब?"

"तो मेल्यावर आला, आणि स्वतःच्या मर्जीनं. मी तानाशहाचं म्हणतोय. गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान. औरंगजेबानं १६८७ साली गोवळकोंडा घेतला आणि त्याला दौलताबादेला ठेवला. मरेपर्यंत. त्याचीही कबर इथंच आहे, बादशहाच्याच गावात."

"नाना, पुण्यात तुम्हांला कोणी कैदेत ठेवणार नाहीये."

"त्यालाही खायलाप्यायला उत्तम होतं म्हणतात," नाना म्हणाले.

मला राग आला, खरेच आला. चार तास न्हाणीघराच्या फरशीवर पडलेल्या माणसाने मला तानाशहाच्या गोष्टी सांगाव्यात! त्या चार तासांत माझ्या फोनवर कुठल्याशा साडीच्या दुकानाची जाहिरात आली होती आणि मी ती पाहत बसले होते, हे मला अजून रात्री आठवते. मी म्हटले, "आणि परत पडलात तर?" नाना पुष्कळ वेळ गप्प राहिले. पाखरे उठली, एक फेरा घालून परत बसली. "तर पडेन," ते म्हणाले, आणि मग माझ्या तोंडाकडे पाहून, जरा नरमून, "पुण्यात तळं आहे का ग?"

"कात्रजला आहे. पाषाणला आहे."

"न्यायला तुला वेळ मिळेल?"

मी उत्तर दिले नाही. सकाळी साडेआठला घर सोडणारी आणि सातला परतणारी मी. काय उत्तर देणार होते? त्यांनाही ते नको होते. गुडघ्यावर हात टेकून ते उठू लागले.

गाडीपाशी येतो तर एक साठी उलटलेले गृहस्थ लगबगीने आले, पांढरी दाढी, डोक्यावर जाळीची टोपी, आणि सरळ नानांच्या पायांना हात लावून म्हणाले, "गुरुजी! वळखलं का?" नानांनी डोळे बारीक केले. नाव आठवेना, पण बाक आठवला. "खिडकीजवळचा. दुसरी रांग. भागाकारात रडायचास." गृहस्थ एवढे हसले की त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. त्यांनी आम्हांला घरी नेलेच. चहा झाला, नातवंडांना बोलावून एकेकाला गुरुजींच्या पाया पडायला लावले. नानांनी त्या पोरांना सतराचा पाढा विचारला. गृहस्थांनी मला विचारले, "ताई, गुरुजी हल्ली कुठं असतात?" मी सांगितले, आता पुण्याला नेते आहे. ते एकदम गप्प झाले. मग म्हणाले, "आमची खालची खोली रिकामीच आहे. सून दवाखान्यात नर्स आहे. गुरुजी चार महिने इथं राहिले तर आम्हांला बरकत येईल." हे बोलण्यापुरते होते की खरे, ते मी त्यांच्या तोंडावर शोधत होते. नाना बशीतला चहा फुंकत होते. "बघू," म्हणाले.

निघताना त्यांनी गाडीत सीताफळांची पाटी ठेवली. या डोंगरातली सीताफळे. दिवाळीच्या आगेमागे घाटात रस्त्याच्या कडेला त्यांचे ढीग लागतात. मी पैसे काढले तर असे काही पाहिले माझ्याकडे, की मी पाकीट पुन्हा मिटले. घाट उतरताना किल्ल्यावर तांबूस उजेड होता. दरवाजात नेहमीप्रमाणे मोटारी अडकल्या होत्या. नानांनी पाटी मांडीवर घेतली होती, आणि ते एकेक फळ अंगठ्याने हलके दाबून पाहत होते.

"सोमवारी तो माणूस यायचाय ना?" त्यांनी विचारले.

"हो."

"येऊ दे. घर दाखव त्याला. भाव काय म्हणतो ते ऐकून घे, आणि भावालाही कळव. मी काही आडवा येणार नाही. पण खालची खोली म्हणजे कोणती, ते मी आज बघितलं. न्हाणीला लागून आहे, आणि उंबरा नाही."

एवढे बोलून ते पुन्हा सीताफळांकडे वळले. डोळे उघडलेली वेगळी, कच्ची वेगळी, अशी त्यांनी पाटीतल्या पाटीत लावली. "ही दोन उद्या होतील," म्हणाले. "ही चार बुधवारी. आणि ही खालची राहिली ती पुढच्या शनिवार-रविवारी. तांदळात घालून ठेवायची, घाई करायची नाही."

घरी पोहोचल्यावर मी मंगळवारचे तिकीट बदलून घेतले.